मी बिघडलो की तो यायचा

"वहिनी, तुम्ही तयारच ल्या. जोडेल डब्बाले माणूस लागस. मी नही ऱ्हायनू ते याले कोन देखी?"

मित्रांनो, 'मी नाही राहिलो तर याला कोण बघेल' हे वाक्य माझ्या जन्माच्याही आधीचं आहे. भाग्येशने ते आपल्या वहिनीला, दीपमालाला, ओट्यावर बसून शेंगा सोलता सोलता ऐकवलं होतं. दीपमाला हसली होती. "कोठे जाशात तुम्ही? खांडबाराच ते शे. गाडीमा बसनात का उनात," असं म्हणून तिने शेंगांचं सूप आपल्याकडे ओढलं आणि विषय संपवला. हे मला कसं ठाऊक? त्या घरात हे बोलणं पुढे इतक्यांदा निघालं, की आता ते माझ्याच आठवणीतलं वाटतं. आधी ते हसत निघायचं. आता तसं निघत नाही.

मी एक जुना, हाताने जोडलेला संगणक आहे. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. सारंगखेड्यात, तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक शेतकऱ्याचं घर आहे. माझं सारं आयुष्य तिथेच गेलं. माझा पंखा अजून फिरतो, पडदा अजून उजळतो, बटण दाबलं की मी पहिल्या खेपेला सुरू होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. आज माझं दुःख नेमकं हेच आहे.

दीपमाला बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी क्लासमध्ये शिकवायची. मुलगी रुपा झाल्यावर घर सोडणं होईना, म्हणून शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं काम तिने धरलं आणि घरात संगणक हवा झाला. तिचा नवरा हेमकांत दोंडाईच्याला एका शाळेत कारकून. सरळ माणूस. त्याचं मत पक्कं होतं.

"शोरूमनं लेऊत. बिघडनं का फोन कर, माणूस दारमा येस."

"आनि फोन कोन करी? तुम्ही? गॅसना नंबर तरी लागस का तुम्हले?"

तरी दोघं शहाद्याला जाऊन आले. दुकानात तयार संगणक ओळीने मांडलेले होते, काळेभोर, एकसारखे. प्रत्येकाच्या पाठीवर एक चकचकीत पट्टी. ही पट्टी फाटली की गॅरंटी संपली, असं दुकानदाराने सांगितलं. दीपमालाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ती दूध वास घेतल्याशिवाय पाजायची नाही. रुपा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. गॅसचं बटण बंद करून पुन्हा येऊन हात लावायची. अशा बाईला उघडून न बघता येणारी वस्तू घरात कशी चालावी? परत येताना बसमध्येच ती म्हणाली, "आपण जोडूनच घेऊ. काय कुठे आहे ते दिसेल तरी. आणि भाग्येशभाऊ घरचेच आहेत."

भाग्येश हेमकांतचा धाकटा भाऊ. हार्डवेअरचा कोर्स करून त्याने खांडबाऱ्याला, स्टेशनच्या रस्त्यावर, दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि दुकानामागच्या खोलीत तो एकटा राहायचा. जोडणं हाच त्याचा धंदा. आणि तोच म्हणत होता, तयार घ्या. दीपमालाला तो त्याचा विनय वाटला. कष्टाचं काम टाळतोय, असं हेमकांतला वाटलं. त्या वाक्याचा आणखी काही अर्थ असेल, असं कुणालाच वाटलं नाही.

माझा जन्म एका रविवारी दुपारी, पुढच्या खोलीत, सतरंजीवर झाला. खोलीत एका अंगाला वेचलेल्या कापसाचा ढीग होता, दुसऱ्या अंगाला माझे अवयव खोक्यांतून निघत होते. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, हार्ड डिस्क, वीज देणारा डबा. भाग्येशची एक सवय होती. प्रत्येक स्क्रू लावण्याआधी तो शर्टाच्या टोकाला पुसायचा. धूळ असो नसो. रुपा तेव्हा रांगत होती, तिला दीपमालाने काखेतून खाली ठेवलं नाही, एखादा स्क्रू तोंडात घालेल म्हणून.

सगळं बसलं आणि एक स्क्रू कमी पडला. भाग्येशने खोकी पालथी घातली. मग त्याची आई, दगूबाई, आतून आपल्या शिलाई मशीनचा एक जुना स्क्रू घेऊन आली. "हाऊ देख बरं." तो बसला. मित्रांनो, माझ्या पोटात आजही तो आहे. तयार संगणकाला आई असते की नाही मला माहीत नाही. मला एका आईच्या मशीनचा स्क्रू आहे.

दगूबाईच्या हातात हळदकुंकवाची वाटीही होती.

"माय, आतमा नको लावू. कुंकू पंखामा जाई," भाग्येश ओरडला.

"जाऊ दे ना. मंग देवच फिरी आतमा."

सगळे हसले. भाग्येशही हसला. मग त्याने माझ्या बाजूवर थाप मारली. "चाल भो, ऊठ." आणि मी एकदा 'टीप' केलं. आमच्यात बिघाड नसेल तर आम्ही एकदाच बोलतो. दगूबाईने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

पुढची वर्षं चांगली गेली. सातवीची चाचणी, दहावीची सराव परीक्षा, भूगोलाच्या जोड्या लावा, विज्ञानाच्या आकृत्या, सगळं माझ्यातून गेलं. दीपमालाच्या मांडीवर रुपा झोपलेली असायची आणि ती एका हाताने टाइप करायची. गावात लोक म्हणायचे, हेमकांतच्या घरचा कागद छापील पुस्तकासारखा येतो. तेव्हा हेमकांत मला पुसायचा, तेही आपल्या रुमालाने.

पण मी आजारीही पडायचो. दिवाळीनंतर घरात कापूस आला की त्याचे तंतू माझ्या पंख्याला गुंडाळायचे. आणि दत्तजयंतीची यात्रा भरली की विचारू नका. घोडे येतात, बैलगाड्या येतात, ट्रक येतात. सगळ्या सारंगखेड्यावर एक पिवळट धूळ चढते आणि ती खिडकी बंद असली तरी माझ्या नाकात शिरते. यात्रा उठली की मी तापायचो, मध्येच बंद पडायचो, तीनतीनदा 'टीप टीप' करायचो.

मग दीपमाला फोन लावायची. "भाऊ, तुम्हना डब्बा वाजी ऱ्हायना."

आणि भाग्येश यायचा. खांडबाऱ्याहून दोंडाईच्यापर्यंत गाडी, तिथून एस.टी. पाठीला बॅग, बॅगेत स्क्रूड्रायव्हर आणि रंगाचा एक रुंद ब्रश. तो ब्रश नवा कोराच असायचा, रंग त्याने कधी पाहिला नाही. त्याने भाग्येश माझं पोट झाडायचा. रुपा जवळ उकिडवी बसायची.

"काका, हाऊ मरी गया का?"

"नही वं माय. झोपेल शे."

"मंग तू त्याले ओरड ना."

"ओरडानं नही. हळूच उठाडानं." आणि थाप मारून, "चाल भो, ऊठ."

मित्रांनो, त्या घराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तुमच्याही घरात असेल. तिथे कामाशिवाय कुणी कुणाला फोन करत नाही. कामाशिवाय फोन आला तर उचलणारा आधी घाबरून विचारतो, "काय झायं? बठ्ठं बरं शे ना?" मग फोन करणाऱ्यालाच ओशाळं होतं. म्हणून भाऊ भावाला 'कसा आहेस' असं विचारत नाही. पाइप आणायचे आहेत का, पावती सापडली का, असं काहीतरी विचारतो आणि त्यातच कसा आहेस ते येऊन जातं. तसा भाग्येश आणि ते घर यांच्यामधलं काम मी होतो. मी बिघडायचो, म्हणून तो यायचा. तो यायचा, म्हणून वरणबट्टी व्हायची, दगूबाई त्याच्या डोक्याला तेल लावायची, त्याची बोटं रुपाच्या वेणीत अडकायची. माझ्या आजारपणावर एका माणसाचं येणंजाणं चालू होतं.

आणि दीपमालाला दिसत नव्हतं असं नाही. तिला सगळं दिसायचं. कॉलर मळकी आहे. पट्टा एका भोकाने आत गेला आहे. दुसरी बट्टी घेत नाही. सगळे हसून झाले की हा हसतो, मागून. एकदा तिने विचारलंही.

"भाऊ, बरं शे ना?"

"मले काय व्हयेल शे? याना पंखा देखा, कितला कापूस!"

तेवढ्यात रुपा खोकली. आणि रुपा खोकली की दीपमालाचं जग तेवढंच उरायचं. ती आत गेली. भाग्येश माझ्यापुढे उघड्या झाकणाशी बसून राहिला. ब्रश हातात, पण हात हलेना. मग तो मला म्हणाला, मलाच, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं, "आते कोनी जोडत नही भो. बठ्ठासले तयार पायजे."

खरंच होतं ते. खांडबाऱ्यातही लोक शोरूमचं घेऊ लागले होते, नाहीतर मोबाइलवरच भागवत होते. पट्टी लावलेला संगणक बिघडला तर तो कंपनीकडे जातो, भाग्येशकडे नाही. त्याच्या दुकानात माणसं यायची ती चार्जर आहे का, असं विचारायला. हे त्याने त्या घरात कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? मला नाही वाटत. पण मी यंत्र आहे, माझ्या वाटण्याला काय किंमत?

मग मी म्हातारा झालो. पान उघडायला वेळ लागू लागला. एका पावसाळ्यात मी असा बसलो की उठलोच नाही. भाग्येशला बोलावणं गेलं. तो आला, झाकण काढलं, बोटाने दाखवलं. "बोर्ड गया याना. बदली देस. आखो बरीच वर्सं चाली."

हेमकांत आणि दीपमालाने एकमेकांकडे पाहिलं. ते दोघं आधीच बोलून बसले होते. आता पुन्हा तोच प्रश्न होता, तयार घ्यावा की जोडावा. या खेपेला मात्र दीपमालाही तयारच्या बाजूने झाली होती आणि तिचं कारण मायेचं होतं. उठसूट या माणसाला दुकान बंद करून इथपर्यंत बोलवायचं, गाडी, एस.टी., उन्हातान्हात, त्याने किती दिवस आपली सेवा करायची? तो वाळत चालला आहे तो धावपळीनेच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तुले कितला तरास देवाना, भो?" हेमकांत म्हणाला. "आते कंपनीनं लेतस. त्यासना माणूस येस. तू सुटना."

भाग्येशने माझं झाकण परत बसवलं. मग म्हणाला, "बरं करं दादा. सुटनू मी."

आणि हसला. या वेळी सगळ्यांच्या आधी.

मित्रांनो, त्याच्या बॅगेत माझ्या मापाचा एक बोर्ड होता. फोनवर लक्षणं ऐकूनच तो घेऊन आला होता. मला दिसलं, कारण बॅग माझ्या शेजारीच उघडी होती. तेव्हा त्याने तो बाहेर काढला नाही. नवा संगणक आला, मांडला गेला, आणि त्या दिवशी भाग्येश शेवटचा आला तो माझ्यातल्या प्रश्नपत्रिका नव्यात भरून द्यायला. ते काम झालं. सगळे नव्याभोवती जमले होते. तेव्हा त्याने, कुणी सांगितलेलं नसताना, मला कोपऱ्यात ओढलं, तो बोर्ड बसवला, प्रत्येक स्क्रू शर्टाला पुसून लावला. दगूबाईचा स्क्रू शेवटी. थाप मारली. "चाल भो." मी 'टीप' केलं. त्याने लगेच बटण बंद केलं आणि मला चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

"काका, आते कधी येशी?" रुपाने दारात विचारलं.

"हाऊ नवा बिघडना का उनू."

जेवायला तो थांबला नाही. गाडी चुकेल म्हणाला.

नवा बिघडला नाही. कसा बिघडेल? तो चांगलाच होता, त्याचा दोष नाही. कापूस आला, त्याच्या बारीक जाळीतून आत शिरला नाही. फोन करण्याचं कारणच उरलं नाही. दिवाळीला भाग्येशचा निरोप आला, गिऱ्हाइकी आहे, येणं होत नाही. मोबाइलवर एका ओळीत. दीपमालाने तो पुन्हा पुन्हा वाचला. "गिऱ्हाइकी असेल तर बरंच आहे," हेमकांत म्हणाला.

मग दत्तजयंती आली. घोडे आले, धूळ आली. भाग्येशने लहानपणापासून ती यात्रा कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी तो आला नाही.

"फोन करा ना भाऊंना," दीपमाला म्हणाली.

"करतो. पण काय काम सांगू?"

हेमकांत वाईट नाही, मित्रांनो. त्याला खरंच सुचत नव्हतं. तो आठवून बघत होता, भावाला सांगण्यासारखं एखादं काम आहे का. नव्हतं. सगळं सुरळीत होतं.

तेव्हा दीपमालाने मला माळ्यावरून काढलं. चादर झाडली, वायर लावली. मला वाटलं, मी हवा आहे. मी सगळं बळ एकवटलं. तिने बटण दाबलं आणि मी पहिल्या खेपेला सुरू झालो. पंखा असा फिरला, जणू काल जन्मलो.

दीपमालाला मी बिघडलेला हवा होतो.

तिने बंद करून पुन्हा दाबलं. मी सुरू. पुन्हा. मी सुरू. मग तिने झाकण काढलं. आतला नवा बोर्ड तिला दिसला. जुना तपकिरी होता, हा हिरवा. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून रडली. नंतर तिने मेमरीची पट्टी जरा उचकटून ठेवली, भाग्येशने एकदा दाखवलं होतं तशी, आणि बटण दाबलं. मी 'टीप टीप टीप' करू लागलो. तिने फोन माझ्यासमोर धरला, म्हणजे खोटं वाटायला नको.

"भाऊ, तुम्हना डब्बा वाजी ऱ्हायना," ती म्हणाली. पण पलीकडे भाग्येश नव्हता. पलीकडे ती बाई होती, जी सगळ्यांनाच सांगते की हा फोन बंद आहे.

दुसऱ्या दिवशी हेमकांत खांडबाऱ्याला गेला. शटरवर दुसरीच पाटी होती, मोबाइल कव्हरची. जागेचा मालक दानियल बाहेर आला. "तुम्ही भाऊ ना त्यांचे? ते तर दिवाळीआधीच गेले," तो म्हणाला. "घरी चाललो म्हणाले. तुमच्याकडे नाहीत का?"

हे हेमकांतने घरी येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

दानियलने एक पिशवी दिली. घरून कुणी आलं तर द्या, असं भाग्येश सांगून गेला होता. पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता आणि तो रुंद ब्रश. कुठल्या गाडीने गेला, सुरतेकडे की भुसावळकडे, ते कुणी पाहिलं नव्हतं. दगूबाईने ब्रश हातात घेतला, त्याचे केस सरळ केले आणि म्हणाली, "हत्यार का बरं ठेवी गया?" ज्याला पुन्हा काही जोडायचं असतं, तो हत्यार मागे ठेवून जात नाही. हे मला कळतं, तर घरच्यांना कळलं नसेल का?

पोलिसांत फोटो दिला. सुरतेत गाववाले आहेत, त्यांना विचारलं. धुळ्याला विचारलं. चिंचपाड्याच्या दवाखान्यातही जाऊन आले. पुढची यात्रा आली आणि गेली. आता विचारणारेही कमी झाले आहेत.

मला त्यांनी परत माळ्यावर टाकलं नाही. नव्याच्या शेजारी मी टेबलावर आहे. काम काही नाही. रोज सकाळी दीपमाला माझ्यावर तो ब्रश फिरवते आणि बटण दाबते. रुपा आता मोठी झाली आहे. कधीकधी तीच बाजूला थाप मारते आणि म्हणते, "चाल भो, ऊठ." मी उठतो. दर वेळी उठतो. त्याने मला इतकं नीट जोडलं आहे की बिघडणं मला जमतच नाही. एकदा जरी बिघडलो असतो, आपणहून, वेळेवर!

मित्रांनो, पुस्तकातली यंत्रं शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला जपून वापरा. माझं तसलं काही मागणं नाही. तयार संगणक घ्या किंवा जोडून घ्या, दोन्ही चालतात. दीपमाला सकाळी माझ्यासमोर बसून जे पुटपुटते, तेवढंच मी तुमच्यापर्यंत पोचवतो.

तुमच्याही घरचा असा कुणीतरी असेल, ज्याचा नंबर काही बिघडलं तरच लावला जातो. त्याला आज लावा. तो घाबरून विचारेल, काय झालं? काही झालं नाही म्हणा. ओशाळं वाटेल, वाटू द्या.

आणि एखाद्या गावी, एखाद्या दुकानात, कुणी हडकुळा माणूस स्क्रू लावण्याआधी शर्टाच्या टोकाला पुसताना दिसला, तर जरा थांबा. त्याच्यापुढे कुठलंही यंत्र ठेवू नका. दुरुस्तीला किती दिवस लागतील, असं विचारू नका. त्याला विचारा, भाऊ, जेवलात का?